एकतिसावा आलेख

"ताई, तुझी तपासणी परत करायचीय."

यशोधरा उंबऱ्याशी उभी राहूनच हे म्हणाली. खांद्यावरची पिशवी तिनं अजून उतरवली नव्हती, दौंडच्या गाडीची धूळ तिच्या केसांवर तशीच होती, हातात ती ओळखीची करडी पेटी होती... आणि दीड वर्षानं काष्टीला आलेल्या धाकट्या बहिणीचं थोरलीशी पहिलं बोलणं ते हे! कशी आहेस नाही, वाळलीस किती नाही. जयमाला चुलीपुढून उठली, पिठाचे हात पदराला पुसले आणि बहिणीच्या ओठांकडे बघत राहिली.

ओठांकडेच. कारण यशोधराचा आवाज तिच्यापर्यंत पोचलाच नव्हता. गेली पाच-सहा वर्षं माणसांचं बोलणं तिला असं डोळ्यांनीच घ्यावं लागत होतं. गिरणीच्या इंजिनानं तिचे कान हळूहळू खाल्ले होते. आधी पाखरं गेली, मग बांगड्यांची किणकिण गेली, मग बायका-पोरांचे आवाज गेले, आणि आता समोरच्याचं तोंड दिसलं तरच काय ते कळे. घरात हे कुणालाही ठाऊक नव्हतं. ज्याला ठाऊक होतं तो माणूस दीड वर्षापूर्वी गेला होता, आणि त्याच्या जाण्याचं खापर जयमालाच्याच डोक्यावर फुटलं होतं.

"परत? आता कशापायी?"

"ओरडू नकोस ताई. हळू बोल." यशोधराच्या कपाळावर आठ्या आल्या. "सांगते. आधी पाणी दे... नाहीतर राहू दे, आई देईल."

सुमनबाईंनी पाण्याचा तांब्या आणला, लेकीच्या तोंडावरून हात फिरवला आणि जयमालाच्या शेजारून, तिथं कुणी उभंच नसल्यासारख्या, निघून गेल्या. त्या थोरलीशी बोलत नव्हत्या. नवऱ्याच्या जलदानविधीपासून नाही. ताट वाढायच्या, ते तिच्या पुढ्यात सरकवायच्या आणि आत जायच्या. जगातला प्रत्येक आवाज हरवून बसलेल्या त्या पोरीला आईचा अबोला मात्र स्पष्ट कळायचा!

यशोधरा खाटेवर बसली आणि सांगू लागली. बोलणं आईशी होतं, पण उजेड तिच्या तोंडावर पडला होता, म्हणून जयमालालाही ते मिळालं. मुंबईच्या ज्या संस्थेत यशोधरा वाचा आणि श्रवणाचं शास्त्र शिकली होती, तिथला तिचा प्रबंध एका मोठ्या परिषदेच्या पुरस्कारासाठी शेवटच्या तिघांत आला होता. पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या संशोधनाला वर्षातून एकदाच मिळणारा पुरस्कार. तो मिळाला की पुढच्या डॉक्टरेटची सगळी सोय होणार होती. नाही मिळाला तर कुठल्यातरी दवाखान्यात कान तपासायची नोकरी, ती होतीच. प्रबंधाचा विषय होता पिठाच्या गिरणीवाल्यांचे कान. श्रीगोंद्यापासून कर्जतपर्यंत गावोगाव हिंडून तिनं एकतीस माणसं तपासली होती, आणि एकतिसावी तिची सख्खी बहीण होती.

"तीस जणांचे कान गेलेत आये. कुणाचे थोडे, कुणाचे लई. आणि सगळ्यात जास्त वर्षं जिनं गिरणी चालवली, तिचे कान सोळा वर्षांच्या पोरीसारखे! परीक्षकांनी पत्रात लिहिलंय, हे कसं ते सांगा, नाहीतर ती तपासणी पुन्हा करून पाठवा. पंधरा दिवसांत." मग ती पहिल्यांदा जयमालाकडे वळली आणि एकेक शब्द मोजून बोलली. "तुला ऐकू येतं हे मला परत एकदा कागदावर पाहिजे. तेवढं झालं की मी जाते. तुला माझा त्रास नको, मला तुझा नको."

जयमाला भाकरीकडे वळली. भाकरी करपली होती. तिला वास आला होता, पण हात हलत नव्हते...

चौदा वर्षं झाली होती त्या गिरणीला. वडिलांनी, कारभारींनी, मागासवर्गीयांच्या योजनेतून मोठ्या खटपटीनं ती दौंड रस्त्याला उभी केली तेव्हा जयमाला अठरा वर्षांची होती. सुरुवातीला बौद्धवाड्याखेरीज कुणी दळण आणीना. मग हळूहळू, पीठ कसं मऊ पडतं ही बातमी गावात पसरली, आणि ज्या घरच्या बायका आधी दुसऱ्या गिरणीला जात त्याही डोक्यावर डबा घेऊन येऊ लागल्या. पुढं कारभारींना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली, बोलायला लागले की शब्दांचा नुसता लगदा बाहेर पडायचा. यशोधरा तेव्हा बारावीला होती. आबांचं बोलणं परत आणणारं काही शिकता येतं का, असं तिनं कॉलेजातल्या मास्तरांना विचारलं आणि त्या विचारण्यातूनच मुंबईची वाट निघाली. कारभारींनी खाट धरली, जयमालानं इंजिन धरलं. दोन ठिकाणची स्थळं आली ती परत गेली. यशोधरा शिकू दे, मग बघू, असं म्हणता म्हणता जयमाला बत्तिशीला आली, आणि नंतर कुणी विचारायलाही आलं नाही.

ती दिवसाचे दहा-दहा तास त्या पत्र्याच्या खोलीत उभी असायची. इंजिनाचा धडधडाट, वर फिरणारा पट्टा, जात्याची घरघर, त्यात मिरची कुटायच्या डंकाचा ठोका. संध्याकाळी बाहेर आली की कानात मधमाश्यांचं पोळं उठल्यासारखं व्हायचं. आधी ते रात्रीतून शमायचं. नंतर शमेनासं झालं. एके दिवशी तिच्या ध्यानात आलं की आई मागून हाका मारतेय आणि पुढ्यात येऊन वैतागतेय. तेव्हा ती घाबरली. कानासाठी घाबरली नाही, यशोधरासाठी घाबरली. त्याच उन्हाळ्यात यशोधरा घरी म्हणाली होती, "ताई, तुला गिरणीनं काही झालं ना, तर मी त्या दिवशी शिक्षण सोडून येईन. बाबासाहेबांची शपथ." आणि ती पोरगी शपथ मोडणारी नव्हती!

म्हणून जयमाला ओठ वाचायला शिकली. कुणी शिकवलं नाही, तीच शिकली. आबांचं वाकडं झालेलं तोंडसुद्धा तिला वाचता येई, जे सुमनबाईंना कधी जमलं नाही. न कळलेल्या बोलण्याला "व्हय" म्हणायचं, हसणाऱ्यांत हसायचं, पाठमोऱ्या माणसापासून लांब राहायचं. बारा भानगडी. दिवस मावळला की तिचं डोकं या शिणानंच ठणकायचं.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात यशोधरा ती करडी पेटी घेऊन पहिल्यांदा आली. तीस गिरणीवाले झाल्यावर ती घरी बसली आणि म्हणाली, "आता तू." आता सुटका नाही... तपासणीचा नियम असा की तपासणाऱ्यानं मागं बसायचं, म्हणजे बटन दाबताना त्याचा हात दिसू नये. कानाला हेडफोन लावायचे, आवाज आला की बोट वर करायचं. यशोधरानं नियमाप्रमाणं तिला पाठमोरी बसवलं. पण तोंड कुठं करून बसवायचं? भिंतीवर बाबासाहेबांची मोठी तसबीर होती. त्या घरात तिच्याकडं पाठ करून कुणी बसत नसे, जेवायलासुद्धा नाही. सवयीनं, मनातसुद्धा न येता, यशोधरानं बहिणीला तसबिरीकडं तोंड करून बसवलं. आणि तसबिरीच्या काचेत, बाबासाहेबांच्या कोटाच्या खाली, यशोधराचा अंगठा आणि पेटीवरचा तांबडा दिवा दोन्ही दिसत होते!

जयमालानं आधी डोळे खाली घातले होते. खोटं बोलायचं तिच्या मनात नव्हतं. मग तिनं मान वर केली, काचेत अंगठा हलला, आणि तिचं बोट आपोआप वर गेलं. एकदा गेलं ते गेलंच. शेवटी यशोधरानं तिला मागून मिठी मारली, गरकन फिरवलं आणि नाचत म्हणाली, "ताई, तुझे कान शाबूत हायती! मला लई भ्या वाटत हुतं गं!" त्या दिवशी जयमाला मायलेकींसाठी गोड करायला म्हणून आत गेली आणि चुलीशी बसून पोटभर रडली.

सहा महिन्यांनी कारभारी गेले.

सुमनबाई त्या दिवशी भावाकडं कर्जतला गेल्या होत्या. सकाळीच बाप-लेकीचं वाजलं. कारभारींना सगळं कळलं होतं; खाटेवर पडलेला माणूस दिवसभर दुसरं करणार काय, तो लेकीला बघत होता. "यशीला सांगणार मी. गिरणी बंद कर," असं ते वाकड्या तोंडानं पुन्हापुन्हा म्हणत होते, आणि जयमाला ओरडत होती, "सांगायचं न्हाई आबा! एक अक्षर सांगायचं न्हाई!" आपला आवाज केवढा चढला हे तिला कळत नव्हतं. भिंतीपलीकडच्या आसारामला मात्र तिचंच ओरडणं ऐकू आलं. दुपारी ती अंगणात गहू निवडत बसली. आत कारभारींचा जीव घाबरा झाला. त्यांनी हाका मारल्या. आसारामनं त्या ऐकल्या, कुडावरून डोकावून पाहिलं, पोरगी दहा पावलांवर बसलेली दिसली, म्हणून तो निवांत राहिला. हाका थांबेनात तेव्हा तो धावत आला. तोवर कारभारी खाटेखाली पडले होते, आणि अंगणात जयमाला खडे वेचत होती.

"मी सोता ऐकलं. बोबडं का हुईना, जयमाला, ए जयमाला, म्हणून म्हातारा वरडत हुता. ही हलली न्हाई बगा," आसारामनं चारचौघांत सांगितलं. तो खोटं बोलत नव्हता. आणि मुंबईहून आलेल्या यशोधराला तर पक्कं ठाऊक होतं की ताईचे कान शाबूत आहेत. तो आलेख तिनंच काढला होता. सगळ्यांसमोर ती थोरलीला म्हणाली, "कान हायती तुला. काळीज न्हाई!"

एवढंच सांगायचं होतं, 'मला ऐकू आलं नाही.' चार शब्द! पण ते बोलले असते तर यशोधराचा प्रबंध निम्म्यावर सुटला असता... जयमालानं ते चार शब्द गिळले. आबा शेवटी काय म्हणत असतील, पाणी मागत असतील का, नुसतंच बोलावत असतील का, हा विचार मात्र तिला गिळता आला नाही. गेलं दीड वर्ष तो गिरणीच्या पट्ट्यासारखा तिच्या डोक्यात फिरत होता.

आणि आता ही पुन्हा पेटी घेऊन आली होती. जयमालाला सगळं लख्ख दिसत होतं. ऐकू येतं असं ठरलं, तर पुरस्कार यशोधराचा आणि बापाचं मरण जन्मभर आपल्या माथी. ऐकू येत नाही असं ठरलं, तर आपण सुटलो, पण तिच्या एवढ्या वर्षांच्या कष्टावर पाणी पडलं. तिनं क्षणभरसुद्धा तोलून पाहिलं नाही. ती फक्त फार थकली होती, आणि हे एकदाचं उरकावं, एवढंच तिला वाटत होतं.

"इथंच बसायचं ना? तसबिरीम्होरं?" तिनं विचारलं.

"घरात नको. रस्त्यावरून ट्रक जातात. परीक्षकांनी शांत जागा म्हटलंय." यशोधरा उठली. "दुपारी विहारात कुणी नसतं. आये, तू पण चल, दाराशी बस, कुणाला आत येऊ देऊ नको."

विहारात! विहारात काच कुठं होती?

दुपारी तिघी विहारात गेल्या. गार फरशी, समोर चुन्याची पांढरी बुद्धमूर्ती, पुढं वाळलेली झेंडूची फुलं. यशोधरानं तिला मूर्तीकडं तोंड करून बसवलं, हेडफोन चढवले आणि मागं जाऊन बसली. दार मूर्तीच्याच अंगाला होतं, त्यामुळे तिथं बसलेल्या सुमनबाई जयमालाला समोरच दिसत होत्या. सुमनबाईंना दोघी लेकी दिसत होत्या.

जयमालानं मूर्तीला मनोमन हात जोडले. भगवंता, आज खोटं बोलते, तुझ्यासमोर बोलते, पोरीसाठी बोलते... तिला यशोधराची पद्धत आठवत होती. काचेत पाहिलं होतं ना सगळं! अंगठा दाबायची, सोडायची, चार-पाच श्वास थांबायची, पुन्हा दाबायची. जयमालानं श्वास मोजले. बोट वर केलं. पुन्हा मोजले. पुन्हा वर केलं. जमतंय, असं तिला वाटलं. इंजिनाचा बिघाड जी हाताच्या तळव्यानं ओळखते तिला एवढं जमायला काय हरकत होती? ती मोजत राहिली, बोट वर करत राहिली. चार श्वास, बोट. पाच श्वास, बोट...

मग तिचं लक्ष आईच्या तोंडाकडं गेलं.

सुमनबाई आधी कंटाळून बसल्या होत्या. आता त्या ताठ झाल्या होत्या. त्यांची नजर यशोधरावरून जयमालाच्या बोटावर येत होती, तिथून परत यशोधरावर जात होती. जयमालानं बोट वर केलं. सुमनबाईंचा हात तोंडावर गेला. काय चुकलं? उशीर झाला का? तिनं घाईनं पुन्हा एकदा बोट वर केलं. आणि सुमनबाईंचे ओठ हलले. दीड वर्षात पहिल्यांदाच ते ओठ जयमालाच्या बाजूला वळून हलले होते, म्हणून ते वाचायला तिला जरा वेळ लागला.

"हिला... ऐकूच येत न्हाई."

जयमालानं मागं वळून पाहिलं. पेटीचं झाकण बंद होतं. यशोधराचे दोन्ही हात मांडीवर पडले होते, आणि त्यांवर टपटप आसवं गळत होती.

"कवापासून बंद केलीस?" जयमालाच्या तोंडून निघून गेलं.

"लई वेळ झाला गं ताई... मी मागून हाका मारतेय... किती हाका मारल्या..." यशोधरानं हेडफोन ओढून काढले आणि बहिणीचं तोंड दोन्ही हातांत धरलं. "पहिल्या टायमाला कसं केलंस?"

जयमालानं सांगितलं. तसबिरीची काच म्हणताच यशोधरानं कपाळावर हात मारून घेतला. "मीच बसवलं तुला तिथं! तीस ठिकाणी नियम पाळला आणि माझ्याच घरात..." मग तिनं ताईकडं बघून विचारलं, "आबांनी हाका मारल्या तवा?"

"न्हाई आलं गं ऐकू. बाबासाहेबांची आन. आलं असतं तर मी उठले नसते का? माझा बाप हुता तो!"

"मग सांगितलं का न्हाईस? मी तुला काय काय बोलले... सगळ्या गावाम्होरं..."

"तू शिकायचं सोडलं असतंस."

यशोधरा बहिणीच्या मांडीवर कोसळली. जयमाला तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. रडण्याचा आवाज तिला येत नव्हता, हाताखालची पाठ हलताना कळत होती. खूप वेळानं तिनं मान वर केली तेव्हा दाराशी सुमनबाई नव्हत्या. त्या निघून गेल्या होत्या.

"हे लिहू नगंस," जयमाला म्हणाली. "पहिला कागद खरा म्हन. कोन बघायला येतंय काष्टीला? एक सही तर करायची. माझं काय, मला सवय झालीय."

"नाही ताई."

"चौदा वरसं मी त्या पत्र्यात उभी ऱ्हायले ती काय ह्यासाठी? बक्षीस दुसऱ्याला जायासाठी? माझ्या गळ्याची शपथ हाय तुला!"

"शपथा घालू नको. एका शपथेनं बघ काय झालं." यशोधरानं डोळे पुसले. तिचा चेहरा एकदम आबांसारखा हट्टी दिसू लागला. "तू मला तुझे कान दिलेस. आता माझं इमान मागू नको. तेवढं माझं मला राहू दे."

तिनं त्याच दुपारी पत्र लिहिलं आणि बहिणीला समोर बसवून, ओठ दिसतील असं, वाचून दाखवलं. तपासणी सदोष होती. चूक तपासणाऱ्याची होती. ही व्यक्ती माझी बहीण आहे आणि तिला बरंचसं ऐकू येत नाही. पत्र टाकायला जाताना ती आसारामच्या दारात थांबली. काय बोलली ते जयमालाला लांबून कळलं नाही. पण संध्याकाळी आसाराम आला, दारात टोपी काढून उभा राहिला, खाली बघून काहीतरी पुटपुटला आणि गेला. खाली बघितल्यामुळं तिला त्यातलं काही मिळालं नाही. तिनं मान हलवली.

चार दिवसांनी यशोधरा मुंबईला गेली. जाताना तिनं ताईला दवाखान्यातून मागवलेलं कानाचं यंत्र दिलं, छातीशी अडकवायची काडेपेटीएवढी डबी आणि कानात जाणारी वायर. त्यानं आवाज मोठे व्हायचे, पण शब्द सुटे व्हायचे नाहीत. भांड्यांचा खणखणाट तेवढा डोक्यात जायचा. गेलेलं परत येत नाही, हे यशोधरानं न लपवता सांगितलं होतं. जयमाला ती डबी घरात घालायची आणि गिरणीत आली की खुंटीला अडकवायची.

महिन्यानं पत्र आलं. पुरस्कार दुसऱ्या विद्यार्थ्याला मिळाला होता. परीक्षकांनी यशोधराच्या खरेपणाचं कौतुक केलं होतं आणि खाली लिहिलं होतं की एका तपासणीची पद्धत चुकली म्हटल्यावर बाकीच्या तीसही पुन्हा तपासाव्यात. यशोधरानं लिहिलं होतं, "पुढच्या मे महिन्यात परत गावोगाव फिरेन. तोवर नोकरी करते. तू रडू नको." जयमाला ते पत्र घेऊन गिरणीत बसली आणि रडली. सगळं फुकट गेलं, असं तिला वाटलं. कान गेले, बाप गेला, बक्षीस गेलं. आणि मग, एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच, तिला राग आला. आईचा राग आला! विहारात सगळं डोळ्यांनी बघूनही ही बाई महिनाभर तशीच ताट सरकवत होती, तशीच आत जात होती. यशोधरा मांडीवर कोसळली, आसारामनं टोपी काढली... हिला एक शब्द जड झाला?

बाजाराच्या आदल्या दिवशी गिरणीला गर्दी होती. दुपार कलली तसं दळण सरलं, शेवटची ज्वारी तेवढी जात्यात होती. पिठाचा धुरळा उन्हाच्या पट्ट्यात तरंगत होता. जयमालानं मान वर केली तर दारात सुमनबाई उभ्या होत्या, हातात फडक्यात बांधलेली भाकरी घेऊन. नवरा गेल्यापासून त्यांनी गिरणीत पाऊल टाकलं नव्हतं. धुरळा बघून त्यांनी, गिरणीत शिरताना सगळ्या बायका घेतात तसा, पदर नाका-तोंडावर घेतला आणि त्या आत आल्या. अगदी जवळ येऊन उभ्या राहिल्या.

आणि बोलू लागल्या.

पदर हलत होता, त्यावरून जयमालाला कळलं. डोळे भरून वाहत होते. मध्येच त्यांनी छातीवर हात मारून घेतला, मध्येच जात्याकडं बोट केलं, कपाळाला हात लावला, पुन्हा बोलू लागल्या. महिनाभराचं नाही, दीड वर्षाचं बोलणं होतं ते, थांबतच नव्हतं. इंजिन धडधडत होतं, पदर ओला होत होता, आणि जयमालाला त्यातला एक शब्दही मिळत नव्हता.

तिची मान सवयीनं हलली. "व्हय" म्हणायला ओठ उघडले. एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. आईचं मन मोकळं झालं असतं, ती भाकरी ठेवून गेली असती. आजवर किती माणसांना तिनं असंच वाटेला लावलं होतं! पण तिला एकाएकी फार फार दमल्यासारखं झालं, आणि मनात आलं की हे बोलणं तरी मला हवं आहे. हे असं फुकट जाऊ द्यायचं नाही.

तिनं हात लांब करून इंजिन बंद केलं. पट्टा ढिला पडत पडत थांबला. जातं थांबलं. सुमनबाई बोलतच होत्या.

जयमालानं त्यांचा हात धरला.

"आये," ती म्हणाली, "मला ऐकू येत न्हाई. पदर काढ तोंडावरचा. मला दिसू दे तू काय म्हनतीस."

सुमनबाई लेकीच्या तोंडाकडं बघत राहिल्या. मग त्यांनी पदर खाली केला, त्याच पदरानं जयमालाच्या गालांवरचं पीठ पुसलं, आणि हळूहळू, एकेक शब्द तिला दिसेल असा, सगळं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.